कल्पित नगराचा नकाशा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

कल्पित नगर आणि त्याच्या भोवतालच्या मुलुखाचा नकाशा कसा रचावा, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांत कथाकार आहेत, पटावरचे खेळ रचणारे आहेत आणि निव्वळ हौसेने नकाशे काढणारेही आहेत. ज्या प्रश्नांचा रोख एकच होता, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझ्या कादंबरीतील नदीकाठच्या बंदराचा नकाशा मी काढला आहे. राजवाडा, बाजार, गोदी, देवालय, तटबंदी असे सारे त्यात आहे. तरीही शहर खोटे वाटते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या नकाशात प्रत्येक गोष्ट आहे, पण कोणती आधी आली आणि कोणती मागून, हे कोठेच दिसत नाही. तटबंदी बरोबर वस्तीच्या कडेने जाते, बाजार नेमका मध्यावर आहे आणि सर्व रस्ते राजवाड्यापाशी मिळतात. म्हणजे सगळे शहर एकाच सकाळी उभे राहिले, असा त्याचा अर्थ होतो. खरे शहर टप्प्याटप्प्याने वाढते आणि प्रत्येक टप्प्याला आधीच्या पिढ्यांनी करून ठेवलेल्या गोष्टींशी जुळवून घ्यावे लागते. म्हणून नकाशा ज्या क्रमाने शहर घडले त्याच क्रमाने काढावा. पारदर्शक कागदाचे चार-पाच ताव घ्यावेत, प्रत्येक तावावर एकच कालखंड काढावा आणि तो ताव आधीच्या तावांवर ठेवून पुढे सरकावे.

पहिल्या तावावर माणसाची एकही खूण नसावी. किनारा, डोंगर, नदी, दलदल आणि पुराचे पाणी जेथवर चढते ती रेषा एवढेच त्यावर असावे. मग स्वतःला विचारावे, की वस्ती नेमकी येथेच का बसली? नदीकाठच्या बंदराच्या बाबतीत या प्रश्नाचे सर्वांत भरवशाचे उत्तर पूल किंवा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा, हे असते. समुद्राकडून वर येणारी जहाजे जेथवर पोचतात आणि जमिनीवरून येणारा रस्ता जेथे नदी ओलांडू शकतो, ती दोन्ही ठिकाणे एकत्र आली, की तेथे माल उतरवला जातो, जकात बसते आणि गाव वाढते. रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात टेम्स नदीवर पूल बांधला तो अशाच जागी, आणि लंडन त्या पुलापाशी वाढले. धक्का कोठे दाखवावा, हेही नदीच सांगते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह काठ कोरतो, त्यामुळे तेथे पाणी खोल असते. आतल्या बाजूला गाळ साचून उथळ पुळण तयार होते. तुमचा धक्का आतल्या बाजूला आहे. तेथे दरवर्षी गाळ उपसावा लागेल.

दुसऱ्या तावावर पूल, धक्का आणि त्यांना जोडणारी एक वाट एवढेच यावे. तिसऱ्यावर तटबंदी येईल, आणि ती त्या काळच्या वस्तीभोवती असेल, आजच्या नव्हे. चौथ्यावर वेशीबाहेर पेठा वाढतील, कारण जकात चुकवू पाहणारे, जागा न मिळालेले आणि घाण करणारे धंदे सगळे तटाबाहेरच जातात. कातडी कमावण्याचे काम नदीच्या खालच्या अंगाला आणि वाऱ्याच्या उतरत्या बाजूला ठेवावे. पाचव्या तावावर तट पडेल. तट पडला, तरी त्याची जागा मोकळ्या पट्ट्याच्या रूपाने उरते आणि त्या पट्ट्यावर रुंद रस्ता होतो. व्हिएन्नाचा तट पाडण्याचा हुकूम १८५७ साली निघाला आणि त्या जागी शहराभोवती फिरणारा रिंगश्ट्रासे हा राजरस्ता झाला. असा एखादा गोलसर रस्ता तुमच्या नकाशात आला, की वाचकाला काही न सांगता तटाची जाणीव होते.

याहून चिवट गोष्ट म्हणजे मालकीहक्काची हद्द. १६६६ सालच्या आगीत लंडनचा मोठा भाग जळाला, तेव्हा वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी सरळ, रुंद रस्त्यांचा आराखडा सादर केला होता. परंतु जळालेल्या घरांच्या जागा कोणाच्या ना कोणाच्या मालकीच्या होत्या आणि लोकांना लवकर घरे उभारायची होती, त्यामुळे शहर बहुतांशी जुन्याच गल्ल्यांवर पुन्हा उभे राहिले. इटलीतील लुक्का या शहरात तर रोमन रंगमंडलाच्या, म्हणजे खेळ पाहण्यासाठी बांधलेल्या अंडाकृती प्रेक्षागृहाच्या, भिंतींना टेकून घरे बांधली गेली. रंगमंडल गेले, पण आजही तेथील चौक अंडाकृतीच आहे. तुमच्या शहरात अशी एक तरी जागा ठेवावी, जिचा आकार आजच्या वापरावरून उलगडत नाही. एकच पुरे. अशा दहा जागा ठेवल्या, की पुन्हा सारे रचलेले वाटू लागते.

शेवटची सूचना बंदरापुरती. जहाजे मोठी होत गेली आणि नदीत गाळ साचत गेला, की बंदर मूळ शहराला सोडून समुद्राकडे सरकते. ब्रेमेन शहराने याच कारणासाठी १८२७ साली वेझर नदीच्या मुखाशी ब्रेमरहाफेन वसवले. तुमच्या कादंबरीचा काळ वाफेच्या जहाजांपर्यंत येत असेल, तर जुना धक्का रिकामा पडलेला आणि नदीमुखाशी दुसरे, कमी वयाचे गाव दाखवणे अधिक खरे ठरेल. त्या दोन गावांमधील हेवादावा कथेलाही उपयोगी पडावा.

प्रश्न : माझ्या नकाशात एक नदी मध्येच दुभंगून दोन वेगवेगळ्या समुद्रांना मिळते. भूगोल शिकलेला माझा मित्र म्हणतो, की असे होतच नाही. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : जवळजवळ बरोबर आहे. पाणी सर्वांत सोपा उतार शोधते, आणि दोन वाटांपैकी एक जराशी जरी अधिक उताराची असली, तरी ती अधिक खोल कोरली जाऊन दुसरी कोरडी पडते. म्हणून नद्या एकमेकींना येऊन मिळतात, फुटत मात्र क्वचितच. मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात किंवा गाळाने भरलेल्या रुंद पात्रात फाटे पडतात, पण तेही अखेरीस त्याच समुद्राला जातात. सरोवरांचेही तसेच आहे. सरोवरात येणाऱ्या नद्या कितीही असोत, बाहेर पडणारी बहुधा एकच असते.

तरी तुमच्या मित्राला दक्षिण अमेरिकेतील कासिकियारे ही नदी दाखवावी. ओरिनोको नदीचे काही पाणी तिच्यातून वाहत जाऊन रिओ निग्रो या नदीला, म्हणजे पर्यायाने ॲमेझॉनला मिळते. दोन स्वतंत्र नदीखोरी अशी निसर्गतःच जोडली गेली आहेत. जर्मन संशोधक प्रवासी अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी १८०० साली या प्रवाहातून नावेने प्रवास केला. हा अपवाद इतका विलक्षण आहे, की तो नकाशात ठेवायचा असेल, तर तुमच्या नगराच्या लोकांनाही तो विलक्षण वाटला पाहिजे. त्या फाट्यावर एखादे ठाणे हवे, आणि त्यावरून लढाया झालेल्या असाव्यात. पार्श्वभूमीत सहज टाकून द्यावी अशी ही गोष्ट नव्हे.

नदीची वळणे काढताना आणखी एक प्रमाण सांभाळावे. नागमोडी नदीत एका वळणापासून तशाच पुढच्या वळणापर्यंतचे अंतर साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या दहा ते चौदा पट असते. शंभर मीटर रुंदीच्या नदीला दहा किलोमीटरांची सुस्त वळणे दिली, की ती नदी न वाटता ओघळलेली शाई वाटते.

प्रश्न : साठ हजार वस्तीचे, यंत्रयुगापूर्वीचे शहर नकाशावर किती मोठे काढावे? भोवतालची खेडी किती अंतरावर असावीत?

उत्तर : हा हिशेब करण्याजोगा आहे, आणि तो एकदा केला, की नकाशातील निम्म्या अडचणी सुटतात.

तटाच्या आत दाटीने राहणाऱ्या शहरात हेक्टरी दोनशे माणसे धरली, तर साठ हजारांना तीनशे हेक्टर, म्हणजे तीन चौरस किलोमीटर जागा लागेल. शहर ढोबळमानाने गोल मानले, तर त्याचा व्यास दोन किलोमीटरांच्या किंचित आतच येतो. एका वेशीतून शिरून दुसरीतून बाहेर पडायला पायी अर्धा तास लागेल. नवशिक्यांच्या नकाशांत हेच शहर दहा-दहा किलोमीटर पसरलेले असते. तुलनेसाठी सांगायचे, तर पॉम्पेईच्या तटाच्या आत सुमारे ६६ हेक्टर जागा होती, आणि खुद्द रोमचा तिसऱ्या शतकात बांधलेला तट सुमारे १९ किलोमीटर लांबीचा असून त्याने जेमतेम १,३७० हेक्टर जागा वेढली होती.

आता पोटाचा प्रश्न. माणशी वर्षाला दोनशे किलो धान्य धरले, तर शहराला बारा हजार टन लागेल. शेतकऱ्याचे स्वतःचे खाणे आणि बियाणे वजा जाता हेक्टरी तीनशे किलो उरते असे मानले, तर चाळीस हजार हेक्टर, म्हणजे चारशे चौरस किलोमीटर पेरलेली जमीन हवी. पण मुलुखातली सगळीच जमीन पेरलेली नसते. पडीक, रान, गायरान, खडक आणि पाणी सोडून पाचांतले दोन भागच पेरलेले असतील, तर एक हजार चौरस किलोमीटरांचा प्रदेश लागेल, आणि त्याची त्रिज्या सुमारे अठरा किलोमीटर येते. बैलगाडी दिवसाला साधारण तेवढीच मजल मारते, म्हणजे या आकाराचे शहर आपल्या गाड्यांच्या टप्प्यात कसेबसे पोसले जाते. शहर दुपटीने मोठे करायचे असेल, तर धान्य जलमार्गानेच आणावे लागेल, आणि मग धक्क्यावर कोठारांची रांग काढणे आले. हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या कल्पित मुलुखाची जमीन अधिक सुपीक असेल, तर ते बदलावेत, पण हिशेब याच रीतीने मांडावा.

त्या अठरा किलोमीटरांच्या आत काय कोठे पिकेल, याचे उत्तर योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन या जर्मन जमीनदाराने १८२६ साली दिले, आणि गंमत अशी, की त्यासाठी त्याने कल्पित नगरच रचले होते. एकसारख्या सुपीक मैदानात, नदी आणि शेजारी नसलेले एकटे शहर त्याने कल्पिले आणि भोवती जमिनीच्या वापराची कडी आखली. सर्वांत जवळ भाजीपाला आणि दूध, कारण ते नासते. त्यानंतर सरपणाचे रान, कारण लाकूड वजनदार असून ते लांबून आणणे परवडत नाही. त्यापलीकडे धान्य, आणि सर्वांत बाहेर चराऊ कुरणे, कारण गुरे आपल्या पायांनी बाजारात येतात. शहराला इतके खेटून रान दाखवणे आज विचित्र वाटेल, परंतु सरपणावर चालणाऱ्या शहराला ते लागतेच. नदी असेल, तर ही कडी तिच्या कडेने लांबट होतात.

खेड्यांचे अंतर पायांनी ठरते. बाजाराला जाऊन, विक्री करून, अंधार पडण्याआधी घरी परतता आले पाहिजे. तेराव्या शतकातील इंग्रज कायदेपंडित ब्रॅक्टन यांनी याच तर्काने दिवसाची चाल वीस मैल धरली, तिचे जाण्यासाठी, बाजारासाठी आणि परतण्यासाठी तीन भाग केले आणि दोन बाजारांमध्ये पावणेसात मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर अंतर असावे असे मांडले. १९३३ साली जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी दक्षिण जर्मनीतील गावांच्या आधारे, गावे एकमेकांपासून कोठे वसतात याविषयी षट्कोनी जाळ्याचा सिद्धांत मांडला, तो अभ्यासासाठी उत्तम आहे. नकाशात मात्र ते षट्कोन जसेच्या तसे उतरवू नयेत. डोंगर असेल तेथे गावे विरळ, नदीच्या पुलाशी दाट, एवढी मोडतोड हवीच.

प्रश्न : रस्ते काटकोनात आखावेत की वाकडेतिकडे? वाकडे काढले, की ते मुद्दाम वाकडे केल्यासारखे दिसतात.

उत्तर : काटकोनातील रस्ते म्हणजे कोणा एका सत्तेच्या हाती एकाच वेळी सगळी जमीन होती, याची खूण असते. मोहेंजोदडो, इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात पुन्हा वसवलेले मिलेटस हे ग्रीक शहर, १८११ च्या आराखड्यातील मॅनहॅटन आणि १८५९ च्या आराखड्यातील बार्सिलोनाची वाढ ही सारी त्या जातीची उदाहरणे. तेव्हा तुमच्या शहरात तशी सत्ता कधी होती आणि तिच्या हाती कोणती जमीन होती, हे आधी ठरवावे. जुने गाव आणि आखीव वाढ जेथे भिडतात, तो सांध्याचा भाग सर्वांत बोलका असतो. मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवे हा जुना रस्ता आखीव जाळीला तिरका छेदत जातो, आणि जेथे जेथे तो मोठ्या रस्त्यांना छेदतो, तेथे त्रिकोणी मोकळ्या जागा तयार झाल्या आहेत. टाइम्स स्क्वेअर ही त्यांपैकीच एक. अशा त्रिकोणी जागा हाताने ‘रचता’ येत नाहीत. आधी जुनी वाट काढावी, मग तिच्यावर जाळी टाकावी, म्हणजे त्या आपोआप मिळतात.

वाकड्या गल्लीला प्रत्येक वळणाशी कारण लागते. उतार टाळण्यासाठी ती समोच्च रेषेला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेला) धरून जाते, किंवा शेताच्या बांधावरून, नाल्याच्या काठाने, पाडलेल्या भिंतीच्या पायावरून जाते. पण वाकड्या असल्या, तरी गल्ल्या दिशाहीन नसतात. त्या वेशीकडे, पुलाकडे किंवा पाण्याकडे ओढल्या गेलेल्या असतात. एक छोटा भाग जवळून पाहा. वेशीबाहेर दोन वाटा एकमेकींना मिळतात, तेथे गाड्या थांबतात, त्या थांबल्या म्हणून दुकाने मांडली जातात, आणि दोन्ही वाटांच्या मधली पाचर बाजार होऊन बसते. पुढे तिच्या मधोमध दुकानांची पक्की रांग उभी राहते आणि रुंद पाचरीच्या जागी दोन अरुंद, समांतर गल्ल्या उरतात. नकाशात त्या दोन समांतर गल्ल्या दिसल्या, की जाणकाराला बाजाराचे सारे वय कळते.

प्रश्न : माझ्या नगरात रेल्वे आणायची आहे. स्थानक मुख्य चौकात दाखवले, तर चालेल का?

उत्तर : शहर रेल्वेहून जुने असेल, तर शक्यतो नको. रेल्वे येते तेव्हा मध्यभागातील जमीन महाग आणि बांधलेली असते, म्हणून स्थानके त्या काळच्या कडेवर थांबतात; लंडनमध्ये तर १८४६ सालच्या शाही आयोगानेच मध्यभागात नवे लोहमार्ग येऊ न देण्याची शिफारस केली होती. त्यामुळे मोठ्या जुन्या शहरांभोवती निरनिराळ्या कंपन्यांच्या अंत्यस्थानकांचे कडे दिसते. स्थानकापासून जुन्या चौकापर्यंत एक नवा, सरळ, काहीसा दिमाखदार रस्ता मात्र जरूर काढावा.

डोंगरातून मार्ग नेताना समोच्च रेषा मोजाव्यात. शंभरास एक हा चढ रेल्वेला सोसवतो असे धरले, तर उंचीत दहा मीटरांचा फरक असलेल्या दोन समोच्च रेषांमध्ये लोहमार्गाला पूर्ण एक किलोमीटर धावावे लागते; १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ते दोन सेंटीमीटर होतात. कर्कटक त्या मापाने उघडून रेषेरेषेवर टेकवत जावे, आणि जेथे ते पुरत नाही तेथे वळसा घ्यावा किंवा बोगदा खणावा. पाण्याच्या पाटाला तर याहून कडक शिस्त लागते. फ्रान्समधील नीम शहरासाठी रोमनांनी आणलेला जलमार्ग सुमारे पन्नास किलोमीटर लांब असून त्या सगळ्या लांबीत तो केवळ बारा-तेरा मीटर उतरतो. झऱ्यापासून शहर सरळ रेषेत वीसेक किलोमीटरच आहे. उरलेली लांबी डोंगरांना वळसे घालण्यात गेली.

प्रश्न : नकाशा हाताने काढावा की संगणकावर? किती तपशील भरावा? पावसाची आणि वाऱ्याची बाजू दाखवणे आवश्यक आहे का?

उत्तर : वारा नकाशावर दाखवला नाही, तरी काढणाऱ्याला तो ठाऊक हवा, कारण डोंगराची कोणती बाजू हिरवी आणि कोणती पर्जन्यछायेत, हे त्यावरूनच ठरते. अक्षांश बदलला, की ही बाजूही बदलू शकते. अँडीज पर्वताच्या दक्षिण भागात पश्चिमेकडून वारे येतात, म्हणून चिलीचा पश्चिम उतार ओला आणि पूर्वेचा पॅटागोनिया कोरडा आहे. उत्तरेकडे मात्र पश्चिमेला अटाकामाचे वाळवंट आहे, अर्थात त्याला थंड सागरी प्रवाहासारखी इतर कारणेही आहेत.

साधनाविषयी आमचे मत असे, की जमीन, नदी आणि जुने रस्ते पेन्सिलीने काढावेत आणि त्यानंतरच संगणकाकडे वळावे. इंकस्केपसारख्या मोफत प्रणालीत प्रत्येक कालखंड स्वतंत्र थरावर ठेवता येतो आणि हवा तेव्हा झाकता येतो. एका कळीसरशी सबंध शहर काढून देणाऱ्या प्रणालीही आहेत. त्यांचा उपयोग कल्पना सुचण्यापुरता करावा, कारण त्यांच्या शहराला भूतकाळ नसतो.

प्रमाणे दोन ठेवावीत. शहरासाठी १ : १०,००० घेतले, तर वर हिशेब केलेले शहर वीस सेंटीमीटरांत बसते. परिसरासाठी १ : १,००,००० घेतले, तर एका दिवसाच्या पंचवीस किलोमीटरांच्या चालीला पंचवीस सेंटीमीटर लागतात आणि शहर त्यावर दोन सेंटीमीटरांचा ठिपका होते. त्या ठिपक्यात गल्ल्या कोंबू नयेत. रंग शाळेतील स्थलनिर्देशक नकाशांप्रमाणे, म्हणजे पाणी निळे, वने हिरवी, शेती पिवळी, समोच्च रेषा तपकिरी आणि रस्ते व वस्ती लाल असे ठेवले, तर सूची न वाचताही नकाशा कळतो.

पुस्तकात छापण्यासाठी नकाशा पाठवताना एक खबरदारी घ्यावी. कादंबरीच्या पानाची छापील रुंदी जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटर असते, त्यामुळे तुमचा नकाशा सुमारे निम्मा होईल, आणि ‘१ : १०,०००’ हे अंकप्रमाण त्या क्षणी खोटे ठरेल. म्हणून अंकप्रमाण गाळून रेषाप्रमाण, म्हणजे अंतर दाखवणारी मोजपट्टीसारखी रेषा, द्यावे. नकाशा आकसेल तशी ती रेषाही आकसते आणि अंतर बरोबरच राहते. अक्षरेही त्याच वेळी तपासावीत. नकाशाची छोटी प्रत काढून हातभर अंतरावर धरावी, आणि जे नाव वाचता येत नाही ते मोठे करण्याऐवजी काढून टाकावे.